कोनाड्यातली ठेव

वालावल,
९ जून १९८६

ती. सरलाअक्का हिस,
विश्रामचा साष्टांग नमस्कार.

गेल्या गुरुवारी सकाळी मी बाळकृष्णाला न्हाऊ घालत होतो. त्याच्या हातातल्या लोण्याच्या गोळ्याखाली एक बारीक खाच आहे. घासताना तिथे चिंच अडकते आणि मग पितळ हिरवं पडतं, म्हणून ती मी तुळशीच्या काडीने काढतो. ते काम चाललं होतं, तेवढ्यात खळ्यातून लवू पोस्टमनने हाक मारली, "विश्रामभाऊ, विलायतेचा पत्र इला!"

हात ओले होते, म्हणून आनंदीला पुढे केलं. तिने पत्र घेऊन कोनाड्याखालच्या पाटावर ठेवलं. पूजा आटपेपर्यंत मी ते उघडलं नाही, पण स्तोत्र म्हणताना त्या दिवशी दोनदा ओळ चुकलो.

तू वेंगुर्ल्याहून सुट्टीत यायचीस तेव्हा आमच्या शेजारचा गुरुदास तुझ्या परकराला गवताची कुसळं चिकटवायचा, तो आठवतो ना? तो मार्चमध्ये गेला. झोपेतच गेला म्हणे. पत्र त्याच्या मुलाचं, शेखरचं आहे.

आमच्या कोनाड्यातला बाळकृष्ण मूळचा त्यांचाच. तू दोन वर्षांपूर्वी आलीस तेव्हा त्याच्यापुढे हात जोडलेस, पण त्याची हकिगत मी सांगितली नव्हती. गुरुदास विलायतेत नोकरीला लागला आणि मग आई, बायको आणि लहानग्या शेखरला न्यायला आला. बोटीवर देवाचं सोवळं कसं राहणार, या काळजीने काशीकाकीने आपला हा रांगता कृष्ण आमच्याकडे दिला. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काकी पुढे तिकडेच वारली आणि कृष्ण आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्याची ठेव म्हणून मी त्याला आमच्या देव्हाऱ्यात बसवला नाही. माजघरातल्या कोनाड्यात त्याचं आसन वेगळं, निरांजन वेगळं, नैवेद्याची वाटी वेगळी. वाढताना त्याला आधी वाढतो, पाहुणा म्हणून. मला जे मागायचं ते मी आमच्या देवांकडे मागतो. त्याच्याकडे आजवर काही मागितलं नाही. दुसऱ्याच्या देवाला आपण कशी गळ घालायची?

आता मुद्द्याचं. शेखरचं पत्र इंग्रजीत आहे, आणि माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, त्यानंतरचं खताच्या पोत्यांवरचं. डिक्शनरी घेऊन बसलो आणि बहुतेक लावलं. शेवटची ओळ मात्र लागत नाही. तशीच उतरवून पाठवतो: "प्लीज कीप द कृष्ण, ॲज यू ऑलवेज हॅव." आजवर केलंत तसंच यापुढेही कृष्णाला कीप करा, इतकं कळलं. पण कीपपुढे डिक्शनरीत पाऊण पान अर्थ आहेत! "ठेवा" म्हणजे आमची ठेव अजून तुमच्याकडे असू द्या, कधीतरी नेऊ, असं? की "ठेवून घ्या", तो तुमचाच झाला, असं? दोन्हींत फरक केवढा!

आनंदीने विचारलं, "काय लिहिल्यान?"

मी म्हटलं, "कळणा नाय."

ती चुलीकडे वळली. दुपारी आमटीत मीठ नव्हतं. मी तशीच भातावर घेतली.

तू सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवलीस. या शब्दाचं काय ते एकदा सांग.

तुझा,
विश्राम


कोल्हापूर,
१७ जून १९८६

चि. विश्राम यास,
अनेक आशीर्वाद.

गुरुदास गेल्याचं वाचून हातातलं निवडणं तसंच राहिलं. त्या कुसळांबद्दल मी त्याला तळ्याच्या पायरीवरून ढकलला होता. वर आल्यावर म्हणतो कसा, "मडम, पाणी गार नाय हा, तू पण ये!" मी शाळेतही जात नव्हते तेव्हापासून मला मडम म्हणणारा तो एकटाच. पुढे खरीच मडम झाले तेव्हा त्याला कळवायचं राहून गेलं.

आता तुझा शब्द. कीप हा इंग्रजीतला घरगडी आहे. त्याला जे सांगाल ते करतो. वचन कीप करायचं म्हणजे पाळायचं. उपास कीप करायचा म्हणजे धरायचा. गाय कीप करायची म्हणजे दावणीला बांधून तिचं सगळं बघायचं. दूध कीप होतं म्हणजे टिकतं, आणि तुमच्याकडची सुरमई दुपारनंतर कीप होत नाही. चालत राहा, गप्प राहा, लांब राहा, सगळीकडे हाच. तुमच्या शाळेच्या मैदानात दोन बांबूंमध्ये उभा राहून शिव्या खातो तो गोलकीपरही याच घरचा. कोणी आपल्याला एखादी वस्तू देऊन "कीप इट" म्हणालं, तर ती आपली झाली असंच धरतात. पण पुढे "आजवर केलंत तसंच" असं जोडलं की पंचाईत. आजवर तू ती ठेव म्हणून सांभाळलीस, म्हणजे यापुढेही ठेवच? की तुझ्या घरी होता तसाच कायमचा राहू दे? शेखरच्या ओळीतून दोन्ही निघतं. मुलींच्या परीक्षेत हे वाक्य आलं असतं तर मी दोन्ही उत्तरांना मार्क दिले असते.

पण मी म्हणते, मेल्या, एवढा खल कशाला? ज्याने लिहिलं त्यालाच विचार ना! विलायतेचं पत्र आहे, पाकिटावर पत्ता असणारच. एक कागद, एक तिकीट, संपलं. इंग्रजी मी करून देते.

आनंदीला काय वाटतं ते तू लिहिलं नाहीस. फक्त मिठाचं लिहिलंस.

तुझी,
सरलाअक्का


वालावल,
२७ जून १९८६

ती. सरलाअक्का हिस,
सा. नमस्कार.

तू म्हणतेस ते बरोबर, पण पाकिटावरचा पत्ता नीट लागत नाही. पावसाचे दिवस, पोस्टाच्या पिशवीत पाणी जातं, शाई फुटली आहे. तेव्हा त्या वाटेने जाता येत नाही.

दुसरी वाट करून पाहिली. हसणार नसशील तर लिहितो. शेजारच्या गावी रवळनाथाकडे कौल लावला.

पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठला दाणा आधी पडतो ते बघायचं, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. गणपत गुरवाने दाणे भिजवले आणि विचारलं, "काय विचारूचा हा?"

मी म्हटलं, "कीप म्हणजे ठेवा, की कीप म्हणजे ठेवून घ्या."

"कीप म्हणजे?"

"इंग्रजी शब्द हा तो."

गणपतने दाणे परत वाटीत टाकले. "मेल्या विश्राम, हंय लोका म्हस हरवली म्हणान येतत. चेडवाचा लगीन जमणा नाय म्हणान येतत. आणि तू शब्दाचो अर्थ विचारूक इलंस? देव काय मॅट्रिक झालो हा?"

मग मी त्याला सगळं सांगितलं, कृष्णाचं, काकीचं, शेखरचं. तेव्हा तो गंभीर झाला. अंगावरचा पंचा सारखा केला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घराक विलायतेसून एक शब्द इलो हा. तेचो अर्थ तेका लागणा नाय. तो बाळकृष्ण जर ह्येचो झालो असात, तर उजवो देऊन मोकळो कर रे म्हाराजा!" बाजूला पाऊस थांबायची वाट बघत दोघे बसले होते, त्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. त्यातला एक नंतर मला हळूच विचारत होता, "कोणाचा कोर्टाचा काम आसा काय?"

अक्का, एकही दाणा पडला नाही. पाऊस थांबला, ते दोघे निघून गेले, गणपतने सबंध गाभारा झाडून घेतला, तरी दोन्ही बाजूचे दाणे होते तिथेच. शेवटी तो म्हणाला, "देव आज काय बोलणा नाय. दोनय धरून ठेवल्यान. तू घराक जा."

घरी येताना एक विचार आला. आपल्याकडे नवीन माणूस आला की आपण पहिलं विचारतो, मूळ गाव खंयचा? गाव कळलं की माणूस निम्मा कळतो. तसं या शब्दाचं मूळ गाव कुठलं, त्याचे भाऊबंद कोण, हे तुला शोधता येईल का? मुळात त्याचा अर्थ काय होता ते कळलं, तर शेखरच्या ओळीचाही उलगडा होईल असं वाटतं.

तुझा,
विश्राम


वालावल,
२८ जून

ती. सरलावन्संना,
आनंदीचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. लवूच्या हातात देणार आहे. तो कोणाला बोलणार नाही. चुकलंमाकलं माफ करा, माझी शाळा चौथीची.

हे तुमच्या पत्राची वाट बघतात आणि तुमचं ऐकतात. म्हणून तुमच्याकडे मागते. तुम्ही ह्यांना लिहा की त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ठेवून घ्या असाच आहे, दुसरा नाहीच. खरा काय तो मला नका सांगू. शब्द एक पण कोणाचं काय जातं बघा.

दर अष्टमीला हे कोनाड्यापुढे सुंठवडा ठेवतात, आरती करतात आणि झालं. पाळणा नाही. ज्याच्या घरचा देव त्याच्या घरी पाळणा, म्हणतात. आमच्या घरात तसाही पाळणा हलला नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मी दर अष्टमीच्या आधी त्याच्यासाठी एक अंगडं शिवते आणि ट्रंकेत ठेवते. ह्यांनी नको म्हटलं असं नाही, मी दाखवलंच नाही. दुसऱ्याच्या देवाला आपले कपडे कशाला म्हणाले असते तर मी काय बोलणार होते.

सकाळी हे त्याला न्हाऊ घालतात तेव्हा मी चुलीकडून बघते. हे बाजाराला गेले की मी त्याच्याशी बोलते. आता नेतील त्याला तर मी कोणाशी बोलू?

तुम्ही खोटं लिहीत नाही ठाऊक आहे. एवढं एकच लिहा.

आनंदी


कोल्हापूर,
७ जुलै १९८६

चि. सौ. आनंदीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कपाटात साड्यांखाली ठेवलं आहे, कोणाला दिसणार नाही.

खोटं मी लिहिणार नाही, बाई. तू मला कितीही प्रिय असलीस तरी नाही, आणि प्रिय आहेस म्हणूनही नाही. उद्या ते आले आणि म्हणाले, आमचा कृष्ण द्या, तर तेव्हा तुझं दुप्पट जाईल.

पण एक विचारते. विश्राम सारखा ठेव, ठेव म्हणतो. काशीकाकी बोलली ती इंग्रजीत नव्हे, आपल्या भाषेत. देताना ती नेमकं काय म्हणाली? मी तिथे नव्हते. तू होतीस ना? मला नको कळवू. त्याला सांग.

सरला


कोल्हापूर,
७ जुलै १९८६

चि. विश्राम यास,
आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालास, पण हसले. शेजारची सून काय झालं म्हणून बघायला आली. रवळनाथाने दोन्ही दाणे धरून ठेवले, याहून कीपचा चांगला अर्थ मला पुस्तकात मिळालेला नाही.

आणि शाई फुटली म्हणतोस? तुझं पहिलं पत्र माझ्यापुढे आहे. त्यात लवूने पत्र हातात दिलं, आनंदीने घेतलं, पाटावर ठेवलं. ओले होते ते तुझे हात, आणि तू हात लावला नाहीस. पिशवीत पाणी गेलं असतं तर आतलं पत्र तरी तुला कसं लागलं? माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभं केलं असतं.

तुझ्यासाठी कॉलेजच्या लायब्ररीत गेले. इंग्रजीचा तो मोठा, बारा-तेरा खंडांचा कोश खाली काढायला शिपायाला शिडी आणावी लागली. ऐक. कीप हा शब्द इंग्रजीत हजारेक वर्षांपूर्वी एकदम दिसायला लागतो. त्याआधी त्याचा पत्ता नाही. बाकीच्या जुन्या इंग्रजी शब्दांचे भाऊबंद आजूबाजूच्या भाषांत सापडतात, जर्मनमध्ये, डचमध्ये, काहींचे तर लांबून आपल्या संस्कृतातही. याचा म्हणावा असा खात्रीचा कोणी नाही. कोशात सरळ लिहिलं आहे, मूळ अज्ञात. कुठून आला, कोणाचा, कोणालाही माहीत नाही. आणि आज इंग्रजीत त्याच्यावाचून एक दिवस निघत नाही.

त्याचे जुन्यातले जुने अर्थ बघितले. त्यात पकडणं आहे, पण त्याच्याच जोडीला लक्ष देणं, नजर ठेवणं, एखाद्याची काळजी वाहणं हेही आहे. जवळ बाळगणं, राखून ठेवणं हे त्यातूनच पुढे वाढत गेलं.

हे वाचून तू लगेच आनंदू नकोस. शब्दाचं मूळ कळलं म्हणून तो लिहिणाऱ्याच्या मनातलं कळत नाही. आपण पत्राच्या वर "साष्टांग नमस्कार" लिहितो तेव्हा कोण जमिनीवर आडवा होतो? शेखरने ती ओळ लिहिताना त्याच्यापुढे कोश नव्हता, नुकता गेलेला बाप होता. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठाऊक, किंवा त्यानेही तेवढा विचार केला नसेल.

तेव्हा परत तेच. विचार. तुला पत्ता लागत नाही असं नाही. तुला उत्तराची भीती वाटते. कोणाला वाटणार नाही? पण भीती वाटते असं लिही, शाईवर घालू नकोस.

तुझी,
सरलाअक्का


वालावल,
२० जुलै १९८६

ती. सरलाअक्का हिस,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. खाडीचं पाणी वर आलं होतं, दोन वेळा लवू अर्ध्या वाटेतून परत गेला. लावणीही संपायची होती.

पत्ता पुसलेला नाही. स्वच्छ आहे, छापलेला आहे. मला भीती वाटते. लिहिलं.

तुझं पत्र मी आनंदीला वाचून दाखवलं. ती चुलीपुढे फणसाच्या आठळ्या भाजत होती. मूळ अज्ञात, भाऊबंद नाहीत, इथपर्यंत आलो तर म्हणाली, "म्हणजे तेका आवस-बापूस कोण नाय?"

"नाय."

"तरी तेंच्या घराघरात तो आसा?"

"व्हय."

"मग तो कोणाचो, ह्या कित्याक विचारूचा? ज्येंच्या घरात आसा त्येंचो."

मी म्हटलं, "गो, शब्दाचा वेगळा. देवाचा वेगळा. देव ठेव म्हणान दिलेलो हा."

अक्का, आनंदीने निखाऱ्यातली आठळी चिमट्याने काढून माझ्यापुढे टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकीन ठेव म्हटल्यान नाय."

"मगे काय म्हटल्यान?"

"सांबाळ म्हटल्यान. 'सांबाळ गो तेका', असा. आणि तुमका खंय म्हटल्यान? माका म्हटल्यान. माझ्या ओटीत घातल्यान तेका."

मी आठवायला लागलो. काकीने कृष्ण दिला तेव्हा मी घरात नव्हतोच. त्यांची लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन मी होडीकडे गेलो होतो. होडी सुटताना गुरुदास मला ओरडून म्हणाला, "आईन कृष्ण तुमच्याकडे ठेवल्यान हा रे!" मी ऐकलं ते तेवढंच. घरी आलो तर कृष्ण पाटावर बसलेला, आणि आनंदी नवी, माझ्यापुढे फारसं बोलत नसे. ठेव हा शब्द मी होडीवरून आणला होता.

मी विचारलं, "इतकी वर्षां बोललंस नाय ती?"

"तुमी ठेव ठेव म्हणून तेचा इतक्या सगळा करी होतास. वेगळी वाटी, वेगळी वात. म्हटलंय, ठेव म्हणान का होयना, करतत ना? सांबाळूक दिलेला मागे मागतत की नाय, ता माका तरी खंय ठावक होता? गप रवलंय." मग चिमट्याने निखारे सारत म्हणाली, "आठळी खावा, गार होतली."

रात्रभर नाही, पण बराच वेळ मी हाच विचार केला. ठेव जशीच्या तशी परत करायची असते, म्हणून तिला कोणी हात लावत नाही. मीही लावला नाही. त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, पण कडेवर घेतला नाही. आणि घरात जिच्या ओटीत तो आला होता, ती चुलीकडून बघत राहिली.

शेखरला मी आता विचारतो. सोबत त्याला लिहिलेलं पत्र आहे, ते इंग्रजीत करून पाठव:

"चि. शेखर यास आशीर्वाद. तुझे वडील माझे मित्र होते. त्यांना पोहता येत नव्हतं आणि तरी ते आधी पाण्यात उडी घ्यायचे. तुझ्या आजीने निघताना आपला बाळकृष्ण माझ्या पत्नीच्या ओटीत घातला. आम्ही दोघांनी त्याला सांभाळला. तू लिहिलेल्या ओळीचे मला दोन अर्थ लागतात, म्हणून विचारतो. तुम्हाला तो हवा असेल तर येऊन घेऊन जा. तो तुमच्या घरचा आहे, आम्ही नाही म्हणणार नाही. पण यायच्या आधी कळवा, कारण माझ्या पत्नीला तयारी करावी लागेल. हवा नसेल, तर तेही मोकळेपणी लिही. कसंही असलं तरी यंदा अष्टमीला आम्ही त्याचा पाळणा बांधणार आहोत. आजवर बांधला नव्हता."

वाचून झाल्यावर आनंदीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या खरा?" म्हटलं, "लिवलंय ना."

तुझा,
विश्राम


कोल्हापूर,
२६ जुलै १९८६

चि. विश्राम व सौ. आनंदी यांस,
आशीर्वाद.

पत्र आज एअरमेलने टाकलं.

सगळं सरळ उतरलं, फक्त एका ठिकाणी अडले. "आम्ही दोघांनी त्याला सांभाळला." आधी लुक आफ्टर लिहिलं. ते दवाखान्यातल्या नर्ससारखं वाटलं. मग केअर लिहिलं. ते आभाराच्या पत्रासारखं. ब्रिंग अप म्हणावं, तर तो काही वाढला नाही. दोन कागद फुकट गेले. तुमच्या सांभाळला इंग्रजीत शब्द शोधून शोधून मी शेवटी कुठे आले असेन, ओळखा बघू. "वी हॅव केप्ट हिम." दुसरा कुठलाच त्या जागी बसेना.

शेखरने "द कृष्ण" लिहिलं होतं, वस्तूला लिहावं तसं. मी "हिम" लिहिलं. तेवढं मास्तरणीने आपल्या पदरचं घातलं आहे, ते चालवून घ्या.

आनंदी, अंगड्याचं माप धाडलंस तर इथे महाद्वार रोडवर चांगली जर मिळते.

तुमची,
सरलाअक्का


वालावल,
२८ ऑगस्ट १९८६

ती. सरलाअक्का हिस,
विश्रामचा सा. नमस्कार.

काल अष्टमी झाली.

पाळणा मी नागपंचमीच्या आधीच सावंतवाडीहून आणला होता, लाखेच्या रंगाचा, दोन्ही बाजूंना पोपट असलेला. दुकानदाराने विचारलं, "नातू की नात?" मी म्हटलं, "मुलगा." त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि सुतळी जरा जास्तच घट्ट बांधून दिली. घरी आणून माळ्यावर भाताच्या कणगीमागे लपवला होता. काल सकाळी शिडी लावून खाली काढला तर आनंदी म्हणते, "पोपटांची धूळ मी परवाच पुसलंय."

मग तिने ट्रंक उघडली. अंगडी बाहेर काढून चटईवर मांडली. मखमलीची, छिटाची, तुझ्या जरीचं आदल्याच दिवशी शिवून झालेलं, एक तर माझ्या लग्नातल्या उपरण्याच्या तुकड्याचं. मी ते उपरणं कित्येक वर्षं शोधत होतो. सगळी एकाच मापाची. मी बघत राहिलो तेव्हा ती म्हणाली, "तो खंय वाढता? एक बरा, उसवूचा लागणा नाय." आणि हसली. अक्का, तू जरीचं घाल म्हणाली असतीस, पण मी पहिलं शिवलेलं मागितलं. ते विटलं होतं, पिवळ्याचं पांढरं झालं होतं. तेच घातलं.

पाळणा माजघराच्या आढ्याला बांधत होतो आणि खळ्यातून हाक आली, "विश्रामभाऊ, विलायतेचा!"

या वेळी माझे हात कोरडे होते. पत्र उघडलं. दोन पानं, बारीक अक्षर, आणि एक फोटो, शेखरच्या मांडीवर त्याची लहान मुलगी. तिचे डोळे थेट काशीकाकीचे आहेत. पत्रातलं वरवर कळलं ते इतकंच: डिसेंबर, माझं नाव, आनंदीचं नाव, आणि तो शब्द. दोनदा आहे.

आनंदी आढ्याखाली पाळण्याला आधार देऊन उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणता?"

"डिसेंबरात येतत."

"आणि?"

"आणि कीप."

डिक्शनरी फडताळात होती. मी त्या बाजूला दोन पावलं गेलोही. ती म्हणाली, "ता मागसून बघा. ही गाठ सुटता, आधी दोरी धरा."

मी पत्र खिशात घातलं आणि दोरी धरली.

शेजारच्या बायका आल्या, पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. त्याला पाळण्यात आनंदीने घातलं. मी घालणार होतो, पण तिने ओटी पुढे केली आणि मी त्याला तिच्या ओटीत दिला. सगळे गेल्यावर मी हात जोडून उभा राहिलो. आता त्याच्याकडे मागायला हरकत नव्हती. पण काय मागायचं तेच सुचेना, म्हणून नमस्कार करून आलो.

शेखरचं पत्र याच पाकिटात घातलं आहे. वाचून कळव, पण घाई करू नकोस. ते न्यायला येणार असतील तर आम्ही देऊ, रडू आणि देऊ, आणि पाळण्यासकट देऊ, आनंदीचंही तेच म्हणणं आहे. नुसता बघायला येणार असतील, तर त्या मुलीला दोरी धरायला देऊ. यातलं काय ते डिसेंबरात बघता येईल. आमचं जे करायचं राहिलं होतं ते मात्र आता राहिलेलं नाही.

आज सकाळी त्याला न्हाऊ घातलं, खाचेतली चिंच काढली, आणि आमच्या देव्हाऱ्यात, आमच्या देवांच्या मधोमध बसवला. नैवेद्य एकाच ताटात वाढला. कोनाड्यात आता काडेपेटी आहे.

तुझा,
विश्राम